खोटी वाटणारी खरी रेल्वे

प्रश्न : घरातल्या एका खोलीत मी आणि माझी मुलगी मिळून रेल्वेचं मॉडेल उभं करतो आहोत. आमच्या जंक्शनची आठवण म्हणून एकाच स्टेशनात मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारी-शेजारी घेतली, मागे जंगल दाखवलं आणि रुळांच्या कडेला एक वाघ उभा केला. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणाले, "मेहनत छान आहे, पण खरं वाटत नाही. दोन मापांचे रूळ एका स्टेशनात, वर वाघ. हे खेळण्यातलं झालं." मॉडेलमध्ये खोटी वाटतील अशी दृश्यं खऱ्या रेल्वेत असतात का? असली तर ती मॉडेलमध्ये घ्यावीत का? आणि वाघाचं काय करावं, हे मुलीने आवर्जून विचारायला सांगितलं आहे.
— एक वाचक, नागभीड (जि. चंद्रपूर)

उत्तर : पाहुण्यांचा आक्षेप आधी निकालात काढू. तुमचं जंक्शन खरं आहे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने १९०८ च्या सुमारास तुमच्या भागात रूळ टाकले ते अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे. नागपूरहून नागभीडला येणारी लाइन छोटी, गोंदियाहून येणारीही छोटी, पुढे चांदा फोर्टकडे गेली तीही छोटीच. १९९० च्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग साडेपाच फुटी, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा झाला. नागपूरची फांदी मात्र होती तशीच राहिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत चालत राहिली. मधल्या काळात नागभीडला एका बाजूला बल्लारशाकडे निघालेली मालगाडी आणि दुसऱ्या बाजूला इतवारीहून उमरेड, भिवापूर करत आलेली छोटी गाडी हे रोजचं दृश्य होतं. छोट्या गाडीतून उतरायचं, सामान उचलायचं आणि वडशाला किंवा चांद्याला जायला मोठ्या गाडीत चढायचं, हे तुमच्याकडच्या दोन पिढ्यांनी केलं आहे.

मग पाहुण्यांना ते खोटं का वाटलं? रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक सरासरी चित्र असतं. एका मापाचे रूळ, उंच फलाट, पुढे एक इंजिन, मागे सारख्या रंगाचे डबे. खरी रेल्वे अशी कधीच बांधली गेली नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी झाली. वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या दशकांत, हाताशी असेल तेवढ्या पैशात केली. छोट्या लाइनीला माती कमी लागते, रूळ हलके चालतात, वळणं आखूड घेता येतात, म्हणून जंगलात आणि आडभागात ती परवडली. रुंदीकरणाची वेळ आली तेव्हा एका फांदीला आधी पैसा मिळाला, दुसरीला नंतर. तुमच्या स्टेशनातल्या दोन मापांचं कारण एवढं साधं आहे. रेल्वेतल्या प्रत्येक विचित्र दृश्यामागे असं एखादं सरळ कारण असतं. प्रत्यक्ष जागेवर ते कारण आजूबाजूला पसरलेलं दिसतं. मॉडेल करताना आपण दृश्य तेवढं उचलतो आणि कारण तिथेच ठेवून येतो. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथूनच निघतं.

मापांबद्दल एक हिशेब देतो, तो पाहुण्यांना जरूर दाखवा. घरगुती मॉडेलांत सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांसाठी बनतात. आपले १,६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये आणले तर १९.३ मिलिमीटर यायला हवेत. म्हणजे तयार रुळांवर धावणारी प्रत्येक भारतीय गाडी जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर धावत असते, आणि ते कुणाला खटकत नाही. उलट तुमची छोटी लाइन बघा. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. त्यासाठी नऊ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात आणि चूक पाव मिलिमीटरचीसुद्धा नसते. पाहुण्यांनी ज्या लाइनीला खेळणं म्हटलं, तीच तुमच्या खोलीतली मापाला सर्वांत खरी लाइन आहे.

पाहुणे पुण्याचे आहेत, तर त्यांना कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय माहीत असेलच. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभं केलेलं ते मॉडेल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तेही एचओ प्रमाणाचंच आहे. मुलीला घेऊन पुण्याला जाणं झालं तर तिथे अवश्य जा. एवढ्या छोट्या प्रमाणात शहर, घाट, सर्कस आणि गाड्या एकत्र कशा नांदवायच्या, ते तिथे समजतं.

आता खऱ्या रेल्वेकडे येऊ. खोटी वाटतील अशी दृश्यं शोधायला महाराष्ट्र आणि गोव्याबाहेर जावं लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन घ्या. सुरत–भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनाच्या मधून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, सीमारेषा ओढली गेली आणि आधीपासून उभं असलेलं स्टेशन तिच्यावर आलं. फलाटावरचा एक बाक तर असा आहे की त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तरांची खोली दुसऱ्यात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. हे कुणी मॉडेलमध्ये केलं आणि फलाटावर रंगाची एक रेघ मारली, तर बघणारा म्हणेल, उगाच काहीतरी लक्ष वेधायला केलंय. पण त्या बाकावर बसून शेंगा खाणाऱ्या माणसाला सीमेचं काहीच वाटत नाही. त्याला गाडी पकडायची असते.

दूधसागर हे दुसरं उदाहरण. मोठा धबधबा, त्याच्या अंगावरून जाणारा पूल, पुलावर गाडी आणि चारी बाजूंनी हिरवं रान. मॉडेल करणारे नवशिके नेमकं हेच करतात आणि जाणकार नाकं मुरडतात. गोवा-कर्नाटक सीमेवर कॅसलरॉक ते कुळे या घाटात हे दृश्य दर पावसाळ्यात खरोखर असतं. धबधब्याची उंची ३१० मीटर. तेच १:८७ मध्ये केलं तर साडेतीन मीटरहून उंच होईल, घराच्या छताला छेदून वर जाईल. म्हणून मॉडेलवाला धबधबा दोन-अडीच फुटांचा करतो, पूल आणि गाडी मात्र मापात ठेवतो, आणि दृश्य फसतं. इथे दोष दृश्याचा नाही. धबधबा लहान केला की त्याचा दरारा जातो आणि शोभेचं कारंजं उरतं. हे करायचंच असेल तर पुलाजवळचे दोन टप्पे तेवढे घ्यावेत आणि वरचा भाग धुक्यात सोडावा. पावसाळ्यात तिथे धुकं असतंच.

घाटांत तर अशी दृश्यं पावलोपावली आहेत. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडीच्या मागून जादा इंजिनं ढकलतात, कारण चढ १:३७ चा आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पण माझ्या दृष्टीने त्या घाटातलं सगळ्यांत चक्रावणारं दृश्य वेगळं आहे. उताराच्या मार्गाला मधेच एक फाटा फुटतो, तो डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि संपतो. पुढे स्टेशन नाही, कारखाना नाही, खाण नाही. मॉडेलमध्ये असा रूळ दिसला तर बघणाऱ्याला वाटेल की करणाऱ्याची जागा संपली. हा फाटा म्हणजे कॅच साइडिंग. उतारावर एखाद्या गाडीचे ब्रेक हाताबाहेर गेले तर तिला चढावर वळवून थांबवण्याची ही सोय. सांधे एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ठरलेल्या जागी थांबली, तिचा वेग चालकाच्या ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मुख्य मार्गाचे सांधे जुळतात. म्हणजे कुठेही न जाणारा तो रूळ त्या घाटातल्या सगळ्यांत कामाच्या रुळांपैकी एक आहे. मॉडेलमध्ये तो घ्या, पण गाडीला आधी तिथे थांबवून दाखवा. थांबलेली गाडी दिसली की बघणारा आपोआप "का?" विचारतो, आणि तुम्हाला सांगायला जागा मिळते.

याच घाटात १८६३ पासून १९२९ पर्यंत एक उलट फिरण्याचं स्टेशन होतं. गाडी डोंगराच्या टोकाशी यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि आलेल्या बाजूच्या उलट तोंड करून पुढचा चढ सुरू व्हायचा. नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडलं. टेबलाची जागा संपल्यावर मॉडेलवाले नेमकी हीच युक्ती करतात. डोंगरातही जागाच संपली होती.

माथेरानचा उल्लेख ओघाने येतोच. दोन फुटी लाइन, १९०७ ची, आणि चढ १:२० चा. मॉडेलमध्ये एवढा चढ दिला तर पुस्तकं तो चुकीचा ठरवतील.

विदर्भातल्या माणसाला मूर्तिजापूरच्या 'शकुंतला' गाडीची आठवण करून द्यायला नको. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची छोटी लाइन वऱ्हाडातल्या कापसासाठी टाकली गेली. देशातली रेल्वे सरकारी झाली तरी ही लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. गाड्या मध्य रेल्वेने चालवायच्या आणि रुळांचा मोबदला कंपनीला द्यायचा, असा तो व्यवहार. तिथे १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं. मॉडेल तपासणारे लोक काळाच्या बाबतीत फार कडक असतात. वाफेचं इंजिन दाखवलंत तर रस्त्यावर बैलगाडी आणि फोर्डची जुनी मोटार हवी, असा त्यांचा आग्रह. यवतमाळच्या १९९३ च्या दृश्यात मात्र वाफेचं इंजिन, मारुती ८००, एसटीडीचा पिवळा फलक आणि घरांवरच्या टीव्हीच्या अँटेना हे सगळं एकाच चौकटीत बसतं. शिवाय गाडीचा गार्ड उतरून तिकिटं देतो. ही चौकट कुणी जशीच्या तशी उभी केली तर तिच्याइतकं खरं मॉडेल दुसरं नसेल, आणि पहिला आक्षेपही तिच्यावरच येईल.

लहान मुलांच्या खेळातून थेट आलेलं वाटावं असं दृश्य कोकण रेल्वेवर आहे. मुलं आगगाडीच्या उघड्या डब्यावर खेळण्यातले ट्रक चढवतात ना, तेच. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातलं वेर्णा असे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढून जाऊ लागले. चालक आपापल्या ट्रकमध्येच बसून असतात. बोगदे, पूल, नद्या मागे पडतात आणि स्टिअरिंगला हात लावावा लागत नाही. कारण साधं आहे : घाटांचा आणि वळणांचा रस्ता, डिझेलचा खर्च, वेळ, अपघात. रेल्वेलाही माल मिळतो. मॉडेलसाठी तर ही गाडी सोन्यासारखी आहे, कारण १:८७ प्रमाणाचे ट्रक बाजारात सहज मिळतात.

पण सगळीच विचित्र दृश्यं अशी सुखाची नसतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. तेल वाहून नेणाऱ्या टाकी-वाघिणी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी निघालं आणि १२ एप्रिलला ते लातूरला पोहोचलं. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या खेपा झाल्या. सुमारे ३४० किलोमीटरचं अंतर, कोयना-कृष्णेच्या बाजूचं पाणी आणि वाट पाहणारं मोठं शहर. मॉडेलमध्ये तेलाच्या वाघिणीवर "पाणी" लिहिलं तर लोक दुरुस्त करायला सांगतील. इथे तुमच्या प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट आहे. मिरज–लातूर हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, तुमच्या छोट्या लाइनीसारखाच ७६२ मिलिमीटरचा. त्याचं रुंदीकरण २०१६ च्या आधी पूर्ण झालेलं होतं म्हणून मोठ्या वाघिणी थेट लातूरपर्यंत जाऊ शकल्या. रूळ छोटेच राहिले असते तर ते पाणी वाटेत कुठेतरी दुसऱ्या गाडीत उपसून भरावं लागलं असतं. छोट्या लाइनीवर माझं प्रेम आहे, पण रुंदीकरण का लागतं, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

तीन वर्षांनी उलटं झालं. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. चहूकडे पाणी, मध्ये डब्यांची रांग आणि डब्यांच्या दारांशी रबरी बोटी. हजारावर प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, स्थानिक यंत्रणा आणि गावकऱ्यांनी बाहेर काढलं. त्या दिवसाचे फोटो पाहिले तर रूळ दिसतच नाहीत, गाडी तरंगत असल्यासारखी वाटते. हे दृश्य मॉडेलमध्ये करावं असं मी सुचवणार नाही. त्यात माणसांची रात्रभराची भीती आहे.

लांबीच्या बाबतीतही खरी रेल्वे मॉडेलच्या पुढे जाते. तुमचं स्टेशन ज्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतं, तिने १५ ऑगस्ट २०२२ रोजी "सुपर वासुकी" नावाची मालगाडी चालवली. पाच मालगाड्या एकामागे एक जोडलेल्या, २९५ वाघिणी, सहा इंजिनं, साडेतीन किलोमीटर लांबी, आत कोळसा. छत्तीसगडातल्या कोरब्याहून राजनांदगावपर्यंत ती आली. १:८७ मध्ये ही गाडी चाळीस मीटरची होते. तुमच्या खोलीत तिचं इंजिन पाच-सहा फेऱ्या मारून परत तिच्याच शेपटापाशी येईल.

परदेशातही असं पुष्कळ आहे, त्यातली दोनच सांगतो. थायलंडमध्ये मेक्लाँगला भाजीबाजार रुळांवर भरतो. गाडी आली की विक्रेते ताडपत्र्या आत ओढतात, टोपल्या सरकवतात, आणि गाडी गेली की पुन्हा पसरतात. न्यूझीलंडमधल्या गिसबोर्नला विमानतळाच्या धावपट्टीला रेल्वेचे रूळ छेदून जातात. दोन्ही ठिकाणी कारण एकच : जागा कमी, आणि दोघांपैकी कुणालाही हटवणं परवडत नव्हतं.

आता तुमच्या मुलीचा वाघ. जागा म्हणाल तर तिची निवड चुकलेली नाही. नागभीडच्या बाजूला घोडाझरीचं अभयारण्य आहे, वर उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि खाली ताडोबा. ब्रह्मपुरीच्या जंगलात संरक्षित क्षेत्राबाहेरही वाघ राहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. रेल्वे या सगळ्याच्या मधून जाते. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी गोंदिया–बल्लारशा मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात पॅसेंजर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. त्यामुळे रुळाजवळचा वाघ हे चंद्रपूरचं वास्तवच आहे, आणि ते दुःखाचं वास्तव आहे. नागपूर–नागभीडच्या रुंदीकरणाचा विषय निघाला तेव्हा वन्यप्राण्यांना ओलांडायला वाटा कशा ठेवायच्या, हा प्रश्न त्यामुळेच पुढे आला. पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट दिली आहे आणि वाघ ती वापरतात. रेल्वेलाही ते करता येतं.

मग तुमचा वाघ खोटा का वाटतो? माझा अंदाज आहे, तो मोठा आहे. पूर्ण वाढलेला नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटर भरतो. १:८७ मध्ये तो तीन ते साडेतीन सेंटीमीटर व्हायला हवा, खांद्याशी उंची एक सेंटीमीटरच्या आसपास. मोठ्या लाइनीचा नव्या पद्धतीचा (एलएचबी) एक डबा याच मापात सुमारे २७ सेंटीमीटर लांब असतो. खेळण्यांच्या दुकानातला वाघ बहुतेक दहा-बारा सेंटीमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या मापात दहा मीटरचा प्राणी. तुमच्या मुलीला फूटपट्टी घेऊन मोजायला सांगा. वाघ लहान करा, रुळाच्या कडेवरून काढा आणि रुळाखालच्या मोरीच्या तोंडाशी, बांबूच्या आडोशाला, अर्धा दिसेल असा ठेवा. बघणाऱ्याला तो लगेच दिसला नाही तरी चालेल. जंगलातही लगेच दिसत नाही.

एवढ्याने समाधान झालं नाही तर आणखी एक जागा सुचवतो. चंद्रपूर आणि बल्लारशा या दोन स्टेशनांच्या भिंतींवर ताडोबाची चित्रं रंगवली, आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्पर्धेत सुंदर स्टेशनांत त्यांना पहिलं स्थान मिळालं. स्टेशनाच्या भिंतीवर रंगवलेला वाघ पाहुण्यांना हरकत घ्यायला जागा ठेवणार नाही.

विचित्र दृश्यं घ्यावीत का, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. घ्यावीत, पण एका मॉडेलमध्ये एकच, आणि त्याचं कारण सोबत घेऊन. नवापूरचा बाक, दूधसागरचा पूल आणि मूर्तिजापूरचं इंजिन एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर आहेत. ती एका टेबलावर आणली की जत्रा भरते आणि एकही खरं वाटत नाही. तुमच्याकडे नागभीडचं जंक्शन आहे, तेवढं पुरे. बाकी सगळं साधं ठेवा. धानाचे बांध, मामा (माजी मालगुजारी) तलाव, पळस, मोह, बांधावर उभा माणूस, रेल्वेची पिवळी क्वार्टरं, सायकल स्टँड. दोन लाइनींचं कारण दाखवायचं तर छोट्या गाडीचा फलाट जुना आणि बुटका करा, मोठीचा नवा आणि उंच. छोट्या लाइनीच्या रुळांमध्ये थोडं गवत उगवू द्या, मोठीची खडी स्वच्छ ठेवा. एका फलाटावरून दुसऱ्याकडे पिशव्या घेऊन जाणारी चार माणसं उभी करा. माणसं एका गाडीतून उतरून दुसरीकडे चालली आहेत हे दिसलं की दोन मापं का आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि काळ पक्का ठरवा. गोंदियाची लाइन मोठी झाल्यानंतरचा आणि नोव्हेंबर २०१९ च्या आधीचा. छोट्या गाडीला झेडडीएम जातीचं डिझेल इंजिन लावा. वाफेचं लावलंत तर मात्र पाहुण्यांचं म्हणणं मान्य करावं लागेल.

प्रश्न : छोट्या लाइनीचे डबे आणि इंजिनं आता जवळून मोजायला कुठे मिळतील?
— तेच वाचक

उत्तर : नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. छोट्या लाइनीची इंजिनं, डबे आणि जुनी उपकरणं तिथे ठेवली आहेत. फूटपट्टी आणि वही घेऊन जा. डब्याची रुंदी, खिडक्यांची संख्या, पायरीची उंची, बफरची जागा लिहून घ्या. फोटोवरून माप घेऊ नका, कोनामुळे चुकतं.

आणि एक विनंती तुमच्यासह नागभीड, भिवापूर, उमरेड, कुहीच्या सगळ्या वाचकांना. छोटी लाइन बंद होऊन आता काही वर्षं झाली. तिच्या फलाटावर काढलेले लग्नाचे, सहलीचे, निरोपाचे फोटो तुमच्या घरांतल्या अल्बमांत आहेत. त्यात मागे कुठेतरी डबा, सिग्नल, पाण्याची टाकी, नावाची पाटी दिसत असेल. असे फोटो शोधून मागे वर्ष आणि स्टेशनाचं नाव लिहून ठेवा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. हे जंक्शन पुढे जो कुणी उभं करील त्याला त्यांचाच आधार लागणार आहे.